यवतेश्वर घाटात मागची चाकं सुटली: आधी सस्पेन्शन करू का टायर?

घाटवेडा_११
राम राम मंडळी. गाडी २०१८ ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय, रनिंग ७८ हजार, पासिंग अर्थात एमएच ११. मागच्या रविवारी कासवरनं खाली येत होतो, यवतेश्वर घाटात धुकं आणि भुरभुर पाऊस, स्पीड म्हणाल तर पस्तीस-चाळीस, जास्त नव्हताच, आणि डाव्या वळणात ब्रेकवर पाय टेकवला तशी मागची बाजू जी बाहेर निघाली ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. बायकोचा चेहरा पांढरा. पोरगं मागं झोपलेलं, ते उठलं आणि म्हणालं पप्पा परत करा.

तर विषय असा की स्विफ्ट वळणात कलते खूप, बॉडी रोल आहे, हे माझं आधीपासूनचं मत. आता ठरवलंय की गाडी ३० मिमी खाली घेणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या आणि १६ इंची अलॉयवर २०५ मिमी रुंदीचे टायर. बजेट साठ हजारापर्यंत. साताऱ्यात कोण चांगलं काम करतं, का पुण्यालाच न्यावी? अनुभव असणाऱ्यांनी सांगा. "हळू चालवा" सोडून काहीही सांगा.

कंदी_पेढा
हळू चालवा.

हळद_सांगली
भावा मी हे सगळं करून बसलोय त्यामुळं ऐक. माझी पोलो, लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तीन वर्षांपूर्वी. दिसायला नाद खुळा, हायवेला एकदम चिकटून चालते, खरंच मजा येते, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर मी तिरका चढवतो, त्यात चार माणसं बसली तर बाकीच्या तिघांना आधी उतरवतो. पेठ-सांगली रस्त्याला तर एकेकाळी गाडी न्यायचीच बंद केली होती. आणि स्प्रिंग टाकल्यावर शॉकअप तेच जुने ठेवले, ते आठ महिन्यात गेले, कारण ते कायम अर्धे दाबलेल्या अवस्थेत काम करायला लागले. मग शॉकअप. मग स्ट्रट माउंटिंग, म्हणजे पुढचा शॉकअप वर जिथं बसतो तो भाग. खर्च थांबतच नाही.

तुझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे. त्यातले ३० गेले की १३३. ठोसेघरला गेलास तर चेंबर हातात घेऊन परत येशील.

मापात_बोला
मूळचा गोडोलीचा, सध्या चाकणला नोकरी, काम ह्याच्याशीच संबंधित. दादा, स्प्रिंगचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा:

टायर चारी एकाच वेळचे आहेत का? प्रत्येक टायरच्या साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात, ते काय आहेत? आणि हवा शेवटची कधी, गाडी थंड असताना किती बघितली?

आकडे आतल्या बाजूला असू शकतात, चाकाखाली वाकून मोबाईलने फोटो काढा. लोक दोन मिनिटं वाकत नाहीत आणि साठ हजार घालवायला तयार असतात.

घाटवेडा_११
वाकलो. पुढचे दोन ३६२४, मागचे दोन २२१८. मागच्या दिवाळीत दोन टायर बदलले होते, दुकानदार म्हणाला गाडी पुढून ओढते म्हणून नवीन पुढंच टाकायचे, जुने चांगले आहेत मागं राहू दे. नक्षी आहे ओ मागच्यांना, चारेक मिमी तरी असेल, गुळगुळीत नाहीत. हवा पेट्रोलपंपावर मारतो, पस्तीस सांगतो सगळीकडं.

मापात_बोला
सापडलं. आता जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

२२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. तुमचे मागचे टायर सात वर्षांचे आहेत. नक्षी शिल्लक असणं आणि रबर मऊ असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. रबर उन्हानं, हवेतल्या ऑक्सिजननं कडक होत जातं, मागच्या चाकांवर झीज कमी म्हणून नक्षी टिकते आणि माणूस फसतो. नखानं दाबून बघा, पुढच्यात नख रुतेल, मागच्यात टेबलावर दाबल्यासारखं वाटेल. साइडवॉलला आणि नक्षीच्या खाचेत बारीक चिरा पण दिसतील.

म्हणजे तुमच्या गाडीला पुढं चांगली पकड आणि मागं लाकडी चाकं. त्यात उतार, त्यात वळणात ब्रेक. ब्रेक मारला की वजन पुढं सरकतं, उतारावर ते आधीच पुढं असतं, मागची चाकं हलकी झाली, रस्ता ओला, मागं रबर कडक. ह्यात शेपूट सुटली नसती तरच नवल. बॉडी रोलचा ह्याच्याशी जवळजवळ काही संबंध नाही.

थोडं गणित करतो, न आवडणाऱ्यांनी पुढं सरका. समजा त्या वळणाची त्रिज्या २० मीटर. टायर-रस्ता घर्षणांक चांगल्या टायरला ओल्यात ०.७ धरला तर वळण निघायचा जास्तीत जास्त वेग साधारण ४२ किमी. ०.४ धरला तर ३२. तुम्ही पस्तीस-चाळीसला होता. आणि ह्या हिशोबात गाडीचं वजन कुठंच येत नाही, स्प्रिंग पण कुठं येत नाही. येतो तो फक्त टायर. हे नुसत्या वळणाचं झालं, त्यात ब्रेकपण मारला की टायरची थोडी पकड तिकडं खर्च होते, मग वळायला आणखी कमी उरते.

वर्कशॉप_काका
एष्टीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. पोरानं लिहिलंय ते बरोबर असंल पण एक गोष्ट मला पटत न्हाय. चांगला टायर पुढंच पाहिजे. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत न्हाय. आम्ही रिमोल्ड, म्हंजे जुन्यावर नवीन रबर चढवलेले टायर, कायम मागं लावले, पुढं एकदा बी न्हाय. तो दुकानदार काय येडा न्हवता.

मापात_बोला
काका, एष्टीच्या मागं चार टायर असतात, एक गेला तर शेजारचा आहे. आणि तिथला ड्रायव्हर उतारावर गिअरवर गाडी धरतो, आपल्यासारखा वळणात ब्रेक मारत नाही. मोटारीत उलटा हिशोब आहे. पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ जायला बघते, माणूस आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो, वेग कमी झाला की पकड परत येते. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते, आणि ते सावरायला उलटं स्टेअरिंग फिरवावं लागतं, जे शंभरातल्या नव्वद जणांनी आयुष्यात कधी केलेलं नसतं. म्हणून टायर कंपन्यासुद्धा सांगतात की दोनच घेणार असाल तर नवीन मागं टाका, गाडी पुढून ओढणारी असली तरी.

वर्कशॉप_काका
आमचा ड्रायव्हर गिअरवर धरतो हे मात्र खरं बोललास. आजकालची पोरं न्यूट्रल करून उतरत्यात घाट, पेट्रोल वाचतंय म्हणून. वाचत बी न्हाय, गाडी गिअरात असताना पाय काढला तर इंजेक्शन बंदच होतंय.

टायरचं मानलं अर्धं. चारी बदल म्हणाव.

केळघर_अपडाऊन
मी शिक्षिका आहे, सातारा ते केळघर रोज जाते-येते, मेढ्यावरनं, गेली नऊ वर्षं, पावसाळा-उन्हाळा. वॅगन आर आहे, जिला कलायला कुणी शिकवावं लागत नाही :) पण एकदाही घसरली नाही. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही, फक्त तीन गोष्टी करते. दर पंधरा दिवसांनी सकाळी निघायच्या आधी घरीच हवा बघते, छोटा गेज घेतलाय, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो तेवढीच ठेवते. पंपावरचा माणूस पस्तीस म्हणतो ते तुमच्या गाडीचे आकडे नसतात दादा, तो सगळ्यांनाच पस्तीस म्हणतो. दुसरं, टायर चारी एकदम बदलते, पाच वर्षांत, नक्षी असली तरी. आणि ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

आणि कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाची पाचट, ट्रॉलीखालचा चिखल, त्यावर दव पडतं. पावसापेक्षा ते वाईट. ह्याच्यावर कुणी काही लिहीत नाही कारण सगळे कासलाच जातात.

कंदी_पेढा
बाई, सलाम. धागा इथंच संपला खरं तर.

घाटवेडा_११
संपला कसा, मला गाडी भारी करायची आहे अजून! बरं टायर चारी बदलतो हे पटलं. पण मग रुंद का नको? जेवढा रुंद तेवढा रस्त्याला जास्त टेकणार ना?

मापात_बोला
नाही, इथंच सगळे फसतात. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग बहुतेक करून दोनच गोष्टींवर ठरतो, त्या चाकावरचं वजन आणि आतली हवा. एका चाकावर २२५ किलो धरा, हवा ३० पीएसआय म्हणजे चौरस सेंमीला साधारण २.१ किलो. भागा. १०७ चौरस सेंमी, म्हणजे बोटं सोडून तुमच्या तळव्याएवढं. टायर रुंद केला, हवा तेवढीच ठेवली, तर क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं, फक्त आकार बदलतो, आडवा लांब आणि उभा आखूड. कोरड्यात वळताना त्याचा फायदा होतो, हे खरंय. पण ओल्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

नासाच्या वॉल्टर हॉर्नने १९६३ मध्ये ह्यावर काम केलं होतं, विमानाच्या टायरवर. त्या सूत्रानं साचलेल्या पाण्यात गुळगुळीत टायर ३३ पीएसआयला साधारण ताशी ९५ किमीला तरंगायला लागतो, हवा २२ झाली तर ७८ लाच. घाटात पस्तीसला तुमचं काही तरंगलं नव्हतं, तिथं रबर कमी पडलं. पण हायवेला पाणी साचतं तिथं हा आकडा डोक्यात ठेवा, आणि हवा कमी असलेली गाडी जास्त "धरून" चालते असं म्हणणारा मित्र असेल तर त्याला पण सांगा.

एमएच५०_कऱ्हाड
साइजचा हिशोब मी टाकतो. तुमचा सध्याचा १६५/८० आर१४ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), बाहेरचा व्यास ६१९.६ मिमी. त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिअंटला, झेडएक्सआयला, कंपनीच १८५/६५ आर१५ देते, ६२१.५ मिमी. दोन मिमीचा फरक, स्पीडोमीटर हलत नाही. २०५/५५ आर१६ म्हणाल तर ६३१.९, म्हणजे बारा मिमी मोठं आणि रिमचं वजन वेगळं, पूर्ण स्टेअरिंग मारलं की आतल्या लायनरला घासायची शक्यता. चाकाचं वजन वाढलं की शॉकअपला तेवढं जास्त सांभाळावं लागतं, खड्ड्यात गाडी जास्त आपटते.

त्यामुळं झेडएक्सआयच्या कंपनीच्या रिम जुन्या बाजारात शोधा. नवीन गाडी घेतल्या घेतल्या मोठे अलॉय टाकणारे लोक ओरिजिनल रिम विकतात, पुण्यात भरपूर मिळतात. पीसीडी (बोल्टच्या भोकांचं माप) ४ बाय १००, रिमचं मधलं भोक ५४.१ मिमी. बाहेरचे अलॉय घेतले तर भोक बहुतेक मोठं असतं, मग ती फट भरणारी हब रिंग टाकल्याशिवाय बसवू नका, नाहीतर नव्वदला स्टेअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसाल.

लोड इंडेक्स पण बघा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. तुमच्या गाडीला ते भरपूर आहे, पण कुणी स्वस्तात ८२ चा गळ्यात मारला तर घेऊ नका.

काळा_कोट
एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हीचा सूर असा की कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. लोअरिंग स्प्रिंग ह्यात सरळ बसते. उद्या विम्याचा क्लेम आला आणि सर्व्हेअरला भांडायचं असेल तर त्याला मुद्दा तुम्हीच दिला. वरच्या व्हेरिअंटचं माप टाकलंत तर निदान कंपनीचंच माप आहे असं सांगता येतं.

हळद_सांगली
आता माझ्या पोलोचं काय करू वकीलसाहेब

काळा_कोट
इथं फोटो टाकू नका.

वर्कशॉप_काका
टायर झालं, आता खालचं बघा. ७८ हजार झाल्यात, बुश, म्हंजे सांध्यातली रबरं, गेल्याच असणार. गाडीचा प्रत्येक कोपरा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीनदा नाचली तर गेला. पण ह्या टेस्टमध्ये पूर्ण गेलेलाच कळतो, अर्धा गेलेला कळत न्हाय. म्हणून शॉकअपवर तेलाचा ओघळ हाय का बघायचं. टायरवरनं हात फिरवायचा, टेकाडं-खड्डे लागले म्हंजे चाक नाचतंय. मग जॅकवर घ्यायची, लोअर आर्म म्हंजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, त्याची मागची मोठी बुश टॉमीनं (लोखंडी पहारीनं) हलवायची. रबर फाटलं असलं तर ब्रेक मारताना चाक मागं सरकतंय, गाडी आपोआप एका बाजूला जाती. लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे पण हलवून बघायचं.

शॉकअप एकटा बदलायचा न्हाय, जोडी. आणि पुढचा काढला की स्ट्रट माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप नवीन टाकायचा, तेवढ्यासाठी परत खोलायची का?

आता महत्त्वाचं, हे कुणी सांगत न्हाय. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकावर उभी असताना फायनल आवळायचे. जॅकवर चाक लोंबत असतं, तशात आवळलं तर रबर त्याच जागी धरलं जातंय, गाडी खाली आली की पिळा पडतो आणि बुश वर्षात फाटती. पोरं जॅकवरच आवळत्यात कारण खाली घुसायला कंटाळा. एवढं एक सांगा त्यांना.

मापात_बोला
काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला उभा राहून टाळ्या.

अलाइनमेंटचं मी जोडतो. स्विफ्टला पुढं फक्त टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, ॲडजस्ट होतो, मागं सगळं एकसंध बीम, तिथं ॲडजस्टमेंट नाही. तरी चारी चाकांचं मोजून घ्या आणि प्रिंट मागा. मागचा आकडा बाहेर दाखवला तर बीम कधीतरी खड्ड्यात वाकला असेल. आणि कुणी "कॅम्बर आऊट आहे, करून देतो" म्हणाला की सावध (कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाकाचा उभ्यातला कल). काही जण जॅकसारखं हत्यार लावून स्ट्रट चक्क वाकवतात आणि आकडा हिरवा आणून देतात. आकडा बरोबर, स्ट्रटचा रॉड वाकडा. कॅम्बर आऊट असेल तर काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय, ते शोधायचं असतं.

आणि घाटवेडा, लोअरिंगबद्दल शेवटचं. गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, बरोबर, पण ३० मिमीनं तो साधारण पाचेक टक्केच उतरतो. पुढं लोअर आर्म मात्र आडवा होऊन वर कलायला लागतो, त्यामुळं गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त भराभर खाली जातो. म्हणजे कलायचा जोर उलट वाढतो, तो दाबायला स्प्रिंग आणखी कडक, मग खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारतं, आणि उडालेल्या चाकाला पकड शून्य. ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून तिथं चालतं. यवतेश्वरला जांभ्याची लाल माती वाहून आलेली असते.

घाटवेडा_११
बरं बाबांनो हरलो. करतो तसं.

घाटवेडा_११
(तीन आठवड्यांनी) अपडेट. उशीर झाला, रिम मिळेपर्यंत थांबलो होतो.

मागच्या डाव्या शॉकअपला तेलाचा ओघळ होता, कधी बघितलंच नव्हतं. लोअर आर्मची उजवी बुश निम्मी फाटलेली. मेकॅनिकनं टॉमी लावून हलवून दाखवली, बघून पोटात गोळा आला, ह्या गाडीतनं पोराला शाळेत सोडतोय. चारी शॉकअप कंपनीचेच टाकले, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, माउंटिंग. झेडएक्सआयच्या रिम पुण्यातनं आणल्या, त्यावर १८५/६५ आर१५ चारी नवीन, तारीख बघून घेतले, पहिल्या दुकानानं दोन वर्षं जुने काढले होते, म्हणाला "गोडाऊनलाच होते ओ", उठून आलो. अलाइनमेंटमध्ये मागचं सरळ निघालं, देवाची कृपा. सगळं मिळून बजेटच्या थोडं आतच बसलं.

काल परत कासला जाऊन आलो. तेच वळण, तोच पाऊस, ब्रेक आधी मारला, दुसरा गिअर, तीसला काढली. काही झालं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काहीच झालं नाही. गाडी कलते अजून, पण कलून तिथंच थांबते, आधी कलल्यावर परत हेलकावा खायची तो नाही. सरळ रस्त्याला स्टेअरिंग जरा जड लागतंय, सवय होईल. मायलेज एखादा किमी पडलाय. पोरगं म्हणालं आज मजा नाही आली.

केळघर_अपडाऊन
छान केलंत दादा. गेज घेतलात का?

घाटवेडा_११
घेतला बाई. पंपाचा पस्तीस माझ्या गेजवर एकतीस निघाला.

कंदी_पेढा
मी पण वाकून बघितलं मघाशी. १११७. बायकोला अजून सांगितलं नाही.

वर्कशॉप_काका
बुशचे बोल्ट गाडी खाली घेऊन आवळले का?

घाटवेडा_११
काका... मी चहाला गेलो होतो तेव्हा. उद्या विचारतो.

घाटवेडा_११
विचारलं. जॅकवरच आवळले होते. परत सैल करून रॅम्पवर चाकांवर उभी करून आवळून घेतले, मी स्वतः खाली घुसून बघितलं. मेकॅनिक विचारत होता हे तुम्हाला कुणी सांगितलं.

वर्कशॉप_काका
त्याला म्हणाव एष्टीतला म्हातारा हाय एक.